तास्तेमिरची खाच

बागिला सासऱ्याचं नाव घेत नसे. आमच्यात सुना घेतच नाहीत. नुसतं नाव टाळून भागत नाही, नावात जे शब्द असतील तेही टाळावे लागतात. सासऱ्याचं नाव तास्तेमिर. आमच्या भाषेत तास म्हणजे दगड, तेमिर म्हणजे लोखंड. सासू जुन्या वळणाची, करडी. नव्या सुनेच्या डोक्यावरचा रुमाल सरळ होतो न होतो तोच तिनं बजावलं, "ह्या घरात दगडाला कठीण म्हणायचं, लोखंडाला काळं म्हणायचं. जीभ घसरली तर माझ्यासमोर यायचं न्हाई."

दुसऱ्या कुणाच्या सुनेचं एवढ्यात निभावलं असतं. पण बागिला शिकलेली, तराझ शहरातल्या पंप कारखान्यात नोकरीला. आणि कारखान्यात लोखंडाशिवाय दुसरं असतंय काय? स्टोअरमध्ये उभी राहून ती "काळ्याच्या सळ्या" मागायची. लेथवरच्या गड्यांना तेवढंच फावायचं.

"काय वैनी, आज काळं किती आलं?" ओराज लेथवरनं ओरडायचा.

"गाडीभर आलंय. तुमच्या तोंडाला पुरून उरंल."

सगळा शेड हसायचा. ती पण हसायची. सासू वारल्यावर कुणी लक्ष ठेवायला उरलं नव्हतं, तरी तिची जीभ त्या शब्दांना शिवली नाही. एकदा वळलेलं वळण सहजी सुटत नाही.

गंमत अशी, की घरात जे नाव तिच्या तोंडी येत नव्हतं ते कारखान्यात दिवसभर बोंबललं जायचं. "तास्तेमिर आण रे!" "तास्तेमिर संपला!" "कालचा तास्तेमिर ढिला बसतोय!" बोअरच्या पंपात दांड्याला धरून ठेवणारा जो बुश असतो, त्याचं ते नाव.

त्यालाही कारण होतं. सासरा जवानीत ह्याच कारखान्यात फिटर. पंप दुरुस्त करायला मोयिनकुमच्या वाळवंटात जायचा. तिथल्या विहिरींचं पाणी वाळू घेऊन वर येतं. ती वाळू बुशात शिरायची, दांडा जखडायचा, पंप बंद. मेंढपाळ फिटरांना शिव्या घालायचे, फिटर ड्रॉइंगवाल्यांना. एका उन्हाळ्यात वैतागून तास्तेमिरनं विहिरीच्या काठावर बसून, बुश गुडघ्यात धरून, कानशीनं आतून एक नागमोडी खाच पाडली. वाळू त्या खाचेतनं निघून जायला लागली. पंप चालला. परत आल्यावर त्यानं लेथवाल्यांना दाखवलं, लेथवाल्यांनी पाडायला सुरुवात केली. वरच्या ड्रॉइंगवाल्यांनी आधी आरडाओरडा केला, मग गप बसले, पण खाच कागदावर कधी काढली नाही. कागदावर बुशाला नंबर राहिला, खाली शेडमध्ये त्याचंच नाव पडलं.

म्हातारपणी त्याला दुसरं काही उरलं नव्हतं. बायको गेली. मुलगा मक्सूत रेल्वेत, महिन्यातले निम्मे दिवस लायनीवर. छाती भरून आलेली, दोन पावलं चाललं की धाप. दिवसभर खिडकीशी गादीवर बसायचा आणि सून आली की तिच्याकडनं कारखाना काढून घ्यायचा. कोण रिटायर झालं, कुणाचं लेथ बिघडलं, कुठल्या विहिरीवर पंप गेले. शेवटी मान तिकडं वळवून, जसं काही सहजच, "आन् बुशाचं काम चाललंय न्हवं?" म्हणायचा. बागिला चहात दूध घालता घालता म्हणायची, "चाललंय की मामंजी. तुमच्याशिवाय पंप उभा ऱ्हातोय व्हय?"

म्हातारा खूश व्हायचा. मग खोकायचा.

आता कारखान्याची वरचा मजला आणि खालचा शेड ह्यांचं सांगायला पाहिजे. वर ड्रॉइंगवाले बसतात. त्यांच्या कॉम्प्युटरात प्रत्येक भाग कसा असावा, कुठल्या मालाचा असावा हे सगळं असतं. खाली लेथवाल्यांच्या शेजारी स्क्रीन असतात. आज काय करायचं, कुठल्या पायरीनं करायचं ते त्यांच्यावर येतं; पायऱ्या शेडनंच घातलेल्या, तास्तेमिरच्या खाचेचीही. वरचं वर, खालचं खाली. मधी एक जिना. वर काही बदललं की कागद छापायचा, तो जिन्यावरनं खाली यायचा, खिळ्याला अडकवायचा. तिथं त्याला हात पुसले जायचे. कुणी त्यात बाउरसाकं, पिठाचे तळलेले गोळे, बांधून घरी न्यायचं. मग चुकीचा भाग तयार व्हायचा, वरचे खालच्यांना अडाणी म्हणायचे, खालचे वरच्यांना गादीवरचे म्हणायचे, आणि दोघं मिळून एकाच कॅन्टीनात जेवायचे.

हे मोडायचं ठरलं. वरचा कॉम्प्युटर आणि खालचे स्क्रीन जोडायचे, म्हणजे वर बदललं की खाली आपोआप बदलेल. ते काम बागिलाकडं आलं. ती दोन्हीकडची होती, हे कारण. वरच्यांची भाषा यायची, खालच्यांच्या शिव्या कळायच्या.

काम ऐकायला सोपं. अडचण नावांची. वर प्रत्येक भागाला नंबर. खाली प्रत्येक भागाला नाव. गडी स्क्रीनवर नाव घालून काम शोधतात, नंबर कुणाच्या बापाला पाठ आहे? तेव्हा प्रत्येक नंबरासमोर एक रिकामी चौकट, तिच्यात खालचं नाव भरायचं. भरलं की वरचा भाग आणि खालचा भाग एक झाला. नाही भरलं, तर जोडणी त्या भागाला ओलांडून पुढं जाते आणि खाली जुनं चाललं होतं तेच चालत राहतं.

बागिला शेडमध्ये फिरून नावं गोळा करत होती. एक होता "पाळणा", एक "मुल्लाची टोपी", एक "सासूचा कान".

"कुठल्या सासूचा हो?" तिनं विचारलं.

ओराज म्हणाला, "कुणाच्यातरीच. सगळ्यांचे सारखेच असत्यात. भिंतीतनं ऐकत्यात."

हसत हसत ती चौकटी भरत गेली. त्यातच एक दिवस अलेवतिना पेत्रोव्हनानं तिला वर बोलावलं. अलेवतिना बाई ड्रॉइंगवाल्यांची प्रमुख. पिकल्या केसांची, तोंडावर बोलणारी, मनानं वाईट नाही.

"बुश बदलतोय," ती म्हणाली. "पितळ बंद. नवा माल घेतलाय, कापडाचे थर दाबून केलेला, काळा. झिजत नाही, स्वस्त आहे. वाळूसाठी वर जाळी दिली आहे, त्यामुळे आतली खाच नको. आणि नुसती नको असं नाही, अजिबात पाडायची नाही. खाच पाडली की थर उघडे पडतात, पाणी पितात, फुगतात. दांडा धरून बसेल."

बागिलानं वहीत नंबर लिहून घेतला.

अलेवतिनानं चष्मा काढला. "तुझ्या सासऱ्यानं तेव्हा चांगलं काम केलं, बागिला. मी नवी होते, मला आठवतं. आता गरज संपली. जोडणी सुरू झाली की हा बदल खाली जाईल. चौकट भरलीस ना बुशाची?"

"भरते," बागिला म्हणाली.

ती जागेवर येऊन बसली. नंबर समोर होता. चौकट रिकामी. बोटं की-बोर्डवर नेली आणि थांबली. नुसतं तोंडानं घेतलं नव्हतं असं नव्हे, ते नाव तिनं कधी लिहिलंही नव्हतं. दवाखान्याचा कागद असो, पेन्शनचा असो, नाव मक्सूत घालायचा, खालचं सगळं ती. म्हटलं, ओराजला सांगू, तो भरंल. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. म्हाताऱ्याला खोकल्यातनं रक्त पडलं होतं. ती तशीच उठून धावली.

पुढचे दिवस दवाखाना आणि घर. मग जोडणी सुरू करायचा दिवस आला. पाहुणे आले, भाषणं झाली, कॅन्टीनमध्ये बाउरसाकं तळली. वरनं एक भाग बदलून दाखवला, खाली स्क्रीनवर लगेच बदलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बागिलानंही वाजवल्या. एक चौकट रिकामी आहे हे तिला माहीत होतं.

रोज कॉम्प्युटर उघडला की ती चौकट दिसायची. रोज उद्यावर जायची. नाव लिहिता येत नाही हे खरंच होतं. पण ओराजला एक हाक मारायला काय झालं होतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. घरी म्हातारा खिडकीशी बसून विचारायचा आणि ती म्हणायची, चाललंय की मामंजी. ते खोटं नव्हतं. चाललंच होतं.

कसं चाललं होतं ते मागाहून कळलं. स्टोअरचं काम नंबरावर. तिथं वरचा बदल नीट पोचला. पितळ बंद झालं, काळा माल आला. लेथचं काम नावावर. तिथं बदल पोचलाच नाही. ओराजनं काळा तुकडा उलटा-पालटा करून पाहिला होता.

"हे कसलं रं? जळक्या चिंधीचा वास मारतंय."

शेजारच्यानं विचारलं, "स्क्रीन काय म्हणतोय?"

"तास्तेमिर. खाच पाड म्हणतोय."

"मग पाड की. तास्तेमिरला खाच नको तर कुणाला, तुझ्या सासऱ्याला?"

पाडली. खाच नसलेला तास्तेमिर त्या शेडमध्ये कुणाच्या कल्पनेतच येत नव्हता. पंप बांधले, रंगवले, मोयिनकुमला गेले.

उन्हाळा ऐन भरात असताना एक दिवस बागिला कामावरनं घरी आली तर दारात परके बूट. आत म्हाताऱ्यासमोर एक मेंढपाळ बसलेला. दुइसेन त्याचं नाव. चेहरा उन्हानं करपून फाटलेला. कोपऱ्यात फडक्यात बांधलेलं मटण. रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून ह्या अवस्थेतही आणलेलं. वाळूतली माणसं कारखान्यात तक्रार करायला जात नाहीत. त्यांना कारखाना माहीत नाही, तास्तेमिर उस्ता, तो जुना कारागीर, माहीत आहे. त्यांच्या बापांच्या विहिरी त्यानं चालू केल्या होत्या.

"पंप नवा होता, उस्ता," दुइसेन सांगत होता. आवाज चढलेला नव्हता. "चार दिस झ्याक चालला. मग घूं घूं करून बसला. मी खोललं, पर दांडा हलंना. गाडी आमच्याकडं न्हाई. पोरगं घोड्यावरनं दुसऱ्या विहिरीला गेलं, तिथला पंपबी तसाच. कोकरं आधी गेली. मग म्हाताऱ्या मेंढ्या. त्या वरडत न्हाईत बघा. विहिरीभवती येऊन नुसत्या हुब्या ऱ्हात्यात."

त्यानं खिशातनं बुश काढून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला. उभा चिरलेला, फुगलेला, काळा.

म्हाताऱ्यानं अंगठा आत घातला. खाचेवरनं फिरवला. वळण त्याचंच होतं. मग चिरेवरनं फिरवला. बागिला दारातच उभी, हातात पिशवी तशीच.

"सूनबाई, हे कशाचं हाय?"

"नवा माल हाय, मामंजी. थरांचा."

"ह्यात खाच कुणी पाडायला सांगितली?"

"कुणीच न्हाई. वरनं नको म्हणून आलं हुतं."

"मग?"

"खाली पोचलं न्हाई. माझ्याकडनं ऱ्हायलं."

"तुझ्याकडनं कसं काय ऱ्हायलं? तुझ्याकडनं मीठ घालायचं बी ऱ्हात न्हाई कधी."

तिनं पिशवी खाली ठेवली. दुइसेनसमोर बोलायची लाज वाटत होती, पण मेंढरं त्याची मेली होती. त्याला ऐकायचा हक्क होता. तिनं चौकटीचं सांगितलं. नंबर एकीकडं, नाव एकीकडं, नाव भरल्याशिवाय जोडत नाही. "आन् ते नाव मी कसं लिहू, मामंजी?"

म्हातारा हसला का खोकला, कळलं नाही. खोकला थांबला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "तेवढंच कारण व्हय?"

ती खाली वाकून पिशवीची गाठ सोडायला लागली.

"तेवढंच का, पोरी?"

"न्हाई," बागिला म्हणाली. "लिहिलं असतं तर खाच गेली असती. तुमी रोज इचारता."

दुइसेननं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. घरातलं बोलणं चाललंय, आपण ऐकू नये, एवढं त्याला कळत होतं.

म्हातारा बुश हातात फिरवत राहिला. "माझ्या इचारण्यापायी त्याची मेंढरं गेली," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. "उद्या जा आन् लिही."

"मक्सूतला येऊ द्या, त्यो—"

"त्यो हप्त्यानं येणार. तवर किती बुश जात्याल? तू लिही. तुला मोकळीक हाय. म्हण माझं नाव."

"मामंजी, नगा."

"म्हण म्हंतोय न्हवं."

तिनं तोंड उघडलं. "तास..." एवढंच आलं. म्हातारा वाट बघत होता. पाहुणा खिडकीबाहेर बघत होता. मग तिनं डोळे मिटून सबंध नाव म्हटलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

म्हाताऱ्यानं दोन्ही तळहात पसरले, आशीर्वाद पुटपुटला, तोंडावरनं हात फिरवले. दुइसेननंही फिरवले. "झालं," म्हातारा म्हणाला. "आता आणखी एक. खाच गेली की नाव बी काढून टाक. ज्याच्यात माझी खाच न्हाई त्याला माझं नाव कशापायी? जिवंत हाय तवरच काढ. मेल्यावर ह्या बुशानं आणखी कुणाची मेंढरं मारायची न्हाईत माझ्या नावानं."

दुइसेननं जाताना विचारलं, "उस्ता, मी आता काय करू?"

"उरलेली हायेत ती इकून टाक," म्हातारा म्हणाला. "पाणी नसताना धरून ठेवू नगं."

दुसऱ्या दिवशी बागिलानं आधी वर जाऊन सगळं कबूल केलं. अलेवतिना बाईनं बुश पाहिला, खाली बसली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मला सांगायचं होतंस. मी लिहिलं असतं नाव. मला काय अडचण होती?"

हे बागिलाला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. खरंच कुणालाच अडचण नव्हती. सबंध कारखान्यात एका तिलाच होती, आणि काम तिच्याकडं होतं.

तिनं चौकट भरली. अक्षर अक्षर. खालच्या स्क्रीनवर बदल उतरला आणि खाचेची पायरी निघून गेली. मग ती शेडमध्ये गेली, कारण हे स्क्रीनवर सोडून द्यायचं नव्हतं. ओराजच्या लेथशी उभी राहून म्हणाली, "आजपासनं तास्तेमिरला खाच पाडायची न्हाई."

ओराजनं लेथ बंद केलं. शेजारचंही बंद झालं.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "तुमच्या तोंडी हे नाव? म्हातारा जित्ता हाय अजून."

"त्यांनीच सांगितलंय. आन् नाव बी आजपासनं न्हाई. नंबर घाला."

"मग त्याला म्हणायचं काय?"

ओराजनं खाचेचं हत्यार सोडवलं, फडक्यानं पुसलं, कपाटात ठेवलं. मग लेथ सुरू केलं आणि तिच्याकडं पाठ केली.

मोयिनकुमला गेलेले पंप परत आणले, बुश बदलून दिले. मेंढरांची भरपाई झाली नाही. मेंढरं कुणाच्या नंबरात बसत नव्हती. दुइसेननं उरलेली विकली आणि तराझच्या बाजारात हमालीला लागला, असं कुणीतरी सांगितलं. बागिला त्या बाजाराच्या बाजूला जायचं टाळायला लागली. कारखान्यात तिच्याकडनं ते काम काढून घेतलं, स्टोअरमध्ये बसवली.

म्हातारा पानगळीत गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता. कारखान्याची गोष्ट त्यानं परत काढली नाही, पण सुनेवर रुसलाही नाही. चहा मागायचा, खिडकी लाव म्हणायचा, पाय दुखतात म्हणायचा. साध्या म्हाताऱ्यांसारखा. ते बघणंच तिला जड जायचं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला शेडमधले गडी आले. घोड्याचं मटण झालं, कुराण वाचून झालं, बायका उठल्या आणि जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर चहा सुरू झाला. बागिला उकळत्या समोवरशी बसून वाट्यांत थोडा थोडा चहा ओतत होती. मक्सूत बापाच्या जागी बसलेला. त्यानं सहज विचारलं, "कारखान्यात काय नवीन, ओराजभाऊ?"

"चाललंय," ओराज म्हणाला. "पंपांचं काम वाढलंय. मोयिनकुमची मोठी मागणी आलीय. पण त्यो... त्यो आपला..."

तो अडला. मूठ वळून त्यानं दुसऱ्या हाताचं बोट तिच्यात घातलं, फिरवून दाखवलं. "त्यो वेळेवर मिळंना झालाय. म्हणून पंप अडल्यात."

"व्हय, त्यो," दुसरा एक जण खाली बघत म्हणाला. तिसऱ्यानंही मान हलवली. कुणीच नाव घेतलं नाही. नंबरही घेतला नाही. एवढे मोठे बाप्ये, जन्मभर ते नाव शेडभर ओरडत आलेले, आता नव्या सुनांसारखे शब्दाला वळसा घालून बोलत होते.

मक्सूतला कळेना. त्यानं बायकोकडं पाहिलं. "कशाबद्दल बोलत्यात?"

तिथं बसलेल्यांत ते नाव घ्यायची मोकळीक मेलेल्यानं एकट्या तिलाच दिली होती. बागिलानं ओराजची वाटी घेतली, तळाशी थोडा चहा ओतला, दूध घातलं, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "गार व्हतोय."